अन्न गांवांत आहे. घरांत आहे काय?

‘मानवशास्त्र’ हा शब्द उच्चारला कीं आमच्या कित्येक वाचकांच्या डोळ्यांपुढें कवट्या मोजणारे पंडित किंवा दूरच्या बेटांवरील पिसें लेणारे लोक उभे राहतात. यांत वाचकांचा फारसा दोष नाहीं. या शास्त्राच्या प्रारंभींच्या ग्रंथांनींच तशी समजूत करून दिली. परंतु कवटी व बेट हीं बाजूस ठेविलीं, तर या शास्त्राचें खरें हत्यार अगदीं साधें आहे. दुसऱ्याच्या उंबरठ्याशीं जावें, घाई न करितां बसावें, आणि तो मनुष्य जें करितो तें कां करितो हें त्याच्याच तोंडून ऐकून घ्यावें, एवढेंच तें हत्यार. तें घोडनदीच्या बाजारांत चालतें, दौंडच्या स्टेशनाबाहेर चालतें, आणि आमच्या मतें सर्वांत अधिक उपयोगीं पडतें तें चुलीपाशीं.

शिरूर व दौंड हे पुणें जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुके एकमेकांस लागून आहेत; मधून भीमा वाहते. सह्याद्रीवर रिते झालेले ढग आमच्या वांट्यास येतात, म्हणून एकीकडे बाजरी व दुसरीकडे शाळू हेंच येथील पूर्वापार अन्न. आतां कालव्याचें पाणी आलें आहे, ऊस झाला आहे, रांजणगांव व कुरकुंभ येथें कारखाने उभे आहेत. या मुलखांत अन्न नाहीं असें आज कोणी म्हणणार नाहीं. तथापि अन्न गांवांत असणें आणि तें प्रत्येक घराच्या तव्यापर्यंत पोंचणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्या दोहोंमधील वाट कोठून कोठें जाते, आणि कोठें तुटते, एवढेंच आम्हांस येथें पाहावयाचें आहे.

अन्न म्हणजे केवळ पोट भरण्याचा पदार्थ नव्हे, याचें एक जुनें उदाहरण शिरूरासच आहे. येथें इंग्रजांची छावणी असतां १८०९ सालीं वारलेल्या कर्नल वॉलेस या अधिकाऱ्याची कबर आहे. आसपासचे शेतकरी त्यास सत्पुरुष मानून सुगीच्या वेळीं नव्या धान्याचा नैवेद्य दाखवीत, असें पुणें जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटिअरांत नमूद आहे. परक्या देशाचा, परक्या धर्माचा एक शिपाईगडी. पण धान्य घरांत येण्यापूर्वीं त्याचा वांटा निघे. धान्य कोणास आधीं, कोणास मागून, आणि कोणास मुळींच नाहीं, याचे नियम प्रत्येक समाजांत असतात. ते कोठें लिहिलेले नसतात. म्हणूनच ते विचारावे लागतात.

न विचारल्यानें काय होतें याचा धडा शिरूर तालुक्यांतील कर्डें या गांवीं मिळाला. १८७४ च्या डिसेंबरांत तेथील रयतेनें सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांच्या दुकानीं जावयाचें नाहीं, त्यांची चाकरी करावयाची नाहीं, असें ठरलें; शेवटीं सावकारांस पोलिसांच्या पहाऱ्यांत शिरूर गांठावें लागलें. पुढें १२ मे १८७५ रोजीं तेव्हांच्या भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें लोक जमले व त्यांनीं वह्या आणि खतें जाळलीं. इतिहासाच्या पुस्तकांत वह्या जाळल्याची हकीकत विद्यार्थी वाचतात. परंतु त्याच दिवशीं धान्याचीं दुकानेंहि लुटलीं गेलीं, याकडे सहसा लक्ष जात नाहीं. वही आणि धान्य हीं दोन्ही एकाच छपराखालीं होतीं, यांत त्या दंग्याचें मर्म आहे. सुगी झाली कीं रयतेचें धान्य स्वस्त दरानें त्या दुकानांत जाई, आणि कणगीचा तळ दिसूं लागला कीं तेंच धान्य सवाईनें किंवा दिढीनें उसनें घरीं येई. म्हणजे शेतकऱ्याच्या शेतापासून त्याच्याच चुलीपर्यंतची वाट परक्याच्या वहींतून जात होती. सरकारनें चौकशीमंडळ नेमलें, १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणार्थ कायदाहि केला. पण हें सारें आग लागून गेल्यावर.

दंग्याची वाट न पाहतां घरोघर जाऊन विचारण्याचें काम पुढें एका रसायनशास्त्रज्ञानें केलें, हें थोडें नवलाचें आहे. डॉ. हॅरॉल्ड मॅन हे पुण्याच्या शेतकी कॉलेजाचे प्रिन्सिपाल. माती तपासणें हा त्यांचा व्यवसाय. परंतु मातीवर राहणारा मनुष्य तपासल्यावांचून माती समजत नाहीं, असें त्यांच्या ध्यानीं आलें. पुण्यानजीकच्या पिंपळें सौदागर या गांवाची पाहणी त्यांनीं १९१७ सालीं प्रसिद्ध केली. दुसरी पाहणी त्यांनीं न. वि. कानिटकर यांच्या साहाय्यानें केली. ती १९२१ सालीं निघाली, आणि ती आमच्या शिरूर तालुक्यांतील जातेगांव बुद्रुक या गांवाची होती. कोणाची जमीन किती, तिचे तुकडे किती, बैल किती, कर्ज किती, मजुरीचें उत्पन्न कोठून येतें, आणि त्या कुटुंबास वर्षाकाठीं अन्नवस्त्रास काय लागतें, असा एकेका घराचा जमाखर्च त्यांनीं मांडिला. डॉ. मॅन यांस कोणी मानवशास्त्रज्ञ म्हणत नाहीं. आम्ही मात्र त्यांस त्या पंक्तीस बसवूं.

पिंपळें सौदागरांत त्यांस असें आढळलें कीं १७७१ सालीं जें सरासरी खातें ४० एकरांचें होतें, तें १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आलें होतें. एवढ्या तुकड्यावर कुटुंब जगणें कठीण. तरी तेथील कांहीं घरें तरलीं, कारण खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत माणसांस मजुरी मिळत होती. जातेगांवची स्थिति याहून वाईट निघाली. तें गांव कोरडवाहू, शहरापासून दूर. बाहेरच्या मजुरीची वाट जवळ नाहीं. शेत व मजुरी हीं दोन्ही धरूनहि बहुतेक कुटुंबांचा खर्च उत्पन्नांत बसत नव्हता. या दोन गांवांच्या तुलनेंत मोठी शिकवण आहे. शिवारांतील पीक पाहून कोणत्या घरांत किती भाकरी भाजल्या जातात हें सांगतां येत नाहीं. पीठ कोणत्या दारानें आंत आलें तें पाहावें लागतें. आज पिंपळें सौदागर हें पिंपरी-चिंचवड शहराचें उपनगर झालें आहे, आणि जातेगांवच्या आसपास कारखान्यांच्या मोटारी धांवतात. दारें बदललीं, विचारण्याचा प्रश्न तोच राहिला.

आतां दुष्काळाकडे वळूं. १८७७ सालीं सर रिचर्ड टेंपल यांनीं दुष्काळी कामांवरील मजुरांचें धान्य दररोज एका रत्तलावर आणिलें व त्यावर कांहीं थोडी रोकड ठेविली. कागदावर हिशेब नीट बसला. परंतु खडी फोडणाऱ्या माणसाच्या पोटांत तो बसला नाहीं. मुंबई इलाख्यांतील मजूर झुंडीच्या झुंडीनें कामें सोडून गेले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू सरकारपुढें मांडिली. पुढें सुमारें शंभर वर्षांनीं, १९७२ सालीं, महाराष्ट्रावर तसाच घाला आला. या वेळीं मात्र कामें मुबलक निघालीं. १९७३ च्या उन्हाळ्यांत सुमारें ५० लक्ष माणसें पाझर तलाव, रस्ते व बांधबंदिस्तीच्या कामांवर होतीं. मजुरी हातांत आली म्हणून धान्य विकत घेतां आलें, आणि म्हणून इतक्या मोठ्या अवर्षणांत माणसें वांचलीं. प्राध्यापक अमर्त्य सेन यांनीं १९८१ सालच्या आपल्या ग्रंथांत हेंच तत्त्व मांडिलें आहे: दुष्काळांत मनुष्य मरतो तो धान्य नसतें म्हणूनच नव्हे, तर तें मिळविण्याचा हक्क व साधन त्याच्यापाशीं नसतें म्हणूनहि.

त्या वर्षींची दोन अन्नें आमच्या वडील पिढीच्या आठवणींत अद्याप आहेत: कामांवर वांटलेली सुकडी, आणि रेशनच्या दुकानांत आलेला मिलो. सुकडी गोड होती. ती मुलांनीं आवडीनें खाल्ली. मिलोची कथा निराळी. मिलो म्हणजे अमेरिकेंतून आलेली तांबडी ज्वारीच. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें ती आमच्या शाळवाची सख्खी बहीण. पण गांवकऱ्यांनीं तिला ज्वारी म्हटलें नाहीं. मिलोच म्हटलें, आणि तेंहि नाक मुरडून. भाकरी लाल व रुक्ष होई, थापतांना कडा फाटत, असें त्या वेळच्या आयाबायांकडून आम्हीं ऐकिलें आहे. ‘उपाशी माणसाला कसली आली आवड?’ असें कोणी सुखवस्तु गृहस्थ म्हणतात तेव्हां आम्हांस त्यांची कींव येते. मिलो लोकांनीं खाल्ला, जगण्यासाठीं खाल्ला. परंतु पाहुण्याच्या ताटांत तो वाढतां येईना, देवापुढें ठेवतां येईना, लेकीच्या सासरीं पाठवितां येईना. भाकरीबरोबर जी अब्रू घरांत असते, ती त्या पोत्यांतून आली नव्हती. अन्न पाठविणाऱ्यानें उष्णमानाचे आंकडे पाहिले. तवा पाहिला नाहीं. गोदामांतून धान्य काढण्यापूर्वीं दोन-चार गृहिणींच्या हातांत पसाभर पीठ दिलें असतें व त्यांस भाकरी थापावयास सांगितलें असतें, तर दळणाची, मिसळणाची कांहीं तोड त्यांनींच सुचविली असती.

ज्यास आपण गांवचा बाजार म्हणतों, तोहि असाच पाहण्याजोगा आहे. श्रीमती इरावती कर्वे (१९०५–१९७०) या बर्लिनमध्यें शिकून आलेल्या मानवशास्त्रज्ञ. १९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत होत्या. त्यांनीं हेमलता आचार्य यांच्यासह आठवड्याच्या बाजारांचा अभ्यास केला, व त्याचा ग्रंथ १९७० सालीं निघाला. बाजार म्हणजे देवघेवीची जागा हें कोणीहि सांगेल. पण रोजंदारीवर जगणाऱ्या घरांत बाजार हें स्वयंपाकाचें घड्याळ असतें. मजुरी बाजाराच्या दिवशीं मिळते; त्याच संध्याकाळीं मेथी, वांगीं, एखादा नारळ, मुलांस भेळभत्ता असें घरीं येतें. दोन-तीन दिवस कालवण हिरवें असतें. मग डाळ, मग पिठलें, आणि पुढच्या बाजाराच्या आदल्या दिवशीं मिरचीचा ठेचा. या घरांस भाजी पुरवावयाची असेल, तर ती कोणत्या वारीं पुरवावी हें त्या घड्याळावर पाहूनच ठरवावें लागेल. बाजाराच्या दुसऱ्या दिवशीं वांटलेली भाजी वांटणाऱ्यास पुण्य देईल; घरांत तिची उणीव मात्र चार दिवसांनीं पडणार असते.

दसरा-दिवाळीनंतर आमच्या उसाच्या पट्ट्यांत निराळेंच एक गांव वसतें. बीड-नगरकडील ऊसतोडणी कामगार येतात, पाचटाच्या कोप्या घालतात, आणि पट्टा पडेपर्यंत राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. येतांना ते बाजरीचीं पोतीं बरोबर आणितात, कारण येथील दुकानदार त्यांस ओळखत नाहीं व उचल तर आधींच घेतलेली असते. पहांटेपूर्वीं फडांत जावयाचें म्हणून भाकरी रात्रींच भाजून ठेवावयाच्या. मग भाजीस, तेलास, चहासाखरेस रोकड येते कोठून? ती येते वाढ्यांतून. उसाचे हिरवे शेंडे मोळ्या बांधून ते गांवच्या गुरांसाठीं विकतात, आणि त्या दोन पैशांवर आठवड्याचा बाजार करितात. आमच्या गोठ्यांतील म्हशीचें वैरण आणि कोपींतील मुलाचें कालवण यांचा असा संबंध आहे, हें आमच्यांतील किती जणांस ठाऊक होतें? वाढ्याचा भाव पाडून घेण्यांत आपण मोठी हुशारी केली असें मानणाऱ्या शेतकऱ्यास तें ठाऊक नसावें, अशी आमची आशा आहे. अलीकडे रेशनकार्ड कोणत्याहि गांवीं चालतें असा नियम झाला, ही चांगली गोष्ट. परंतु दुकान उघडें असतें तेव्हां कोयता फडांत असतो.

तरी तोडणी कामगारास कोठेंतरी आपलें गांव असतें. ज्यांस तेंहि नाहीं त्यांची वाट याहून बिकट. डॉ. कैलाश मल्होत्रा व माधव गाडगीळ या शास्त्रज्ञांनीं महाराष्ट्रांतील भटक्या जमातींच्या अन्नाचा अभ्यास केला. नंदीवाले, फासेपारधी व वैदू हे तिघेहि एकाच मुलखांत फिरत व तिघेहि शिकार करीत. तरी त्यांच्यांत तंटा नसे. नंदीवाले कुत्रीं घेऊन रानडुक्कर, साळिंदर, घोरपड धरीत. पारधी फासे लावून हरणें व तित्तर पकडीत. वैदू सापळ्यांनीं मुंगूस, उदमांजर आणि पाण्यांतील खेंकडे व कांसवें मिळवीत. एकाच माळाचीं अशीं तीन निरनिराळीं ताटें झालीं होतीं! बाहेरून पाहणारास हें भटकणें वाटे. आंतून पाहिलें तर ती बलुत्याइतकीच बांधीव व्यवस्था होती. पुढें माळ नांगराखालीं आले, शिकार कायद्यानें बंद झाली (तीहि योग्यच, हरणें तरी कोठें उरलीं होतीं?), आणि तिन्ही ताटें रितीं झालीं. पारध्यांच्या कपाळीं तर १८७१ च्या कायद्याच्या परंपरेनें गुन्हेगारीचा शिक्काहि मारलेला होता. तो १९५२ सालीं कायद्यांतून पुसला गेला, लोकांच्या मनांतून पुसावयाचा आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें पात्र कुटुंबांत माणशीं महिना ५ किलो धान्य ठरविलें. पण त्यासाठीं कार्ड लागतें, कार्डास पत्ता लागतो, आणि पालास पत्ता नसतो. ज्याच्या घरीं धान्य सर्वांत कमी, त्याच्याच घरास दार नाहीं म्हणून धान्य आंत येत नाहीं. अशा वेळीं पालापाशीं जाऊन बसणारा, नांवें लिहून घेणारा, जन्माचा दाखला नसेल तर कोणत्या जत्रेच्या वेळीं मूल झालें हें विचारून वर्ष काढणारा मनुष्य हवा असतो. मानवशास्त्राचें शिक्षण घेतलेल्या तरुणांनीं करण्याजोगें याहून निकडीचें काम आम्हांस तरी दिसत नाहीं.

बेघरांस अन्न कसें द्यावें याचा एक मोठा प्रयोग दौंड तालुक्यांतच झालेला आहे. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) अमेरिकेस गेल्या, तेथील लोक कसे राहतात, काय करितात हें त्यांनीं डोळसपणें पाहिलें, आणि १८८९ सालीं तें मराठींत लिहून प्रसिद्ध केलें. तोंपर्यंत पाश्चात्य प्रवासी आमचीं वर्णनें लिहीत. येथें एका मराठी बाईनें त्यांचें लिहिलें. हीच पाहण्याची संवय त्यांच्या पुढें कामीं आली असें आम्हांस वाटतें. संस्थेनें स्वतःच्या पायांवर उभें राहावें म्हणून त्यांनीं केडगांव येथें जमीन घेऊन फळझाडें लाविलीं होतीं. १८९७ सालीं मध्यप्रांतांतील दुष्काळांतून त्यांनीं शेंकडों मुली आणिल्या. पुण्यांत प्लेग होता, म्हणून त्यांस केडगांवीं ठेविलें. तेथें विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, दुभतीं जनावरें आलीं, तेलाचा घाणा, माग व छापखाना हेहि चालूं झाले. ज्या मुली पोरक्या म्हणून आल्या, त्याच कांहीं दिवसांनीं पंक्तीस वाढणाऱ्या झाल्या.

आतां शाळेच्या पंक्तीकडे येऊं. १९९५ सालीं शाळांतील मुलांसाठीं आहाराची योजना निघाली, तेव्हां प्रथम महिन्यास ३ किलो तांदूळ मुलाच्या हातीं घरीं पाठवीत. तांदूळ घरीं गेला कीं तो घराचा होई. आजी, धाकटें भावंड, आजारी काका या सर्वांत तो वांटला जाई, आणि तसें होणें स्वाभाविकच होतें. पुढें शाळेंतच शिजविलेली खिचडी मिळूं लागली, तेव्हां अन्न त्या मुलाच्या पोटांत जाऊं लागलें. धान्य तेंच, वाट बदलली. शिवाय एका ओळींत सर्व जातींचीं मुलें जेवूं लागलीं, ही गोष्ट कोणत्याहि गोदामाच्या हिशेबांत लिहिलेली सांपडणार नाहीं.

येथवर आम्ही घरापर्यंत आलों; परंतु सरकारी हिशेब घराच्या दारांत थांबतो, आणि मानवशास्त्रास आंत जावें लागतें. घरांत प्रथम पुरुष जेवतात, मग मुलें, आणि सर्वांच्या मागून गृहिणी. पांच माणसांचें धान्य पांचांस पुरलें असें कागद सांगतो. पांचवें ताट कसें भरलें तें कागदास दिसत नाहीं. विद्यार्थ्यांस याची पाहणी करावयाची झाल्यास कांहीं पथ्यें पाळावीं. ‘तुमच्या घरीं अन्न पुरतें काय?’ असें कोणास विचारूं नये. अब्रूदार मनुष्य ‘पुरतें’ असेंच सांगणार. ‘काल रात्रीं चुलीवर काय होतें?’ असें विचारावें. भाजी कोणत्या वारीं आणली, पीठ कोणाकडून उसनें घेतलें, कोणास परत दिलें, हेंहि विचारावें. लिहून घेण्याची घाई करूं नये. वही पाहिली कीं लोक सरकारास द्यावयाचें उत्तर देतात.

आणि पहिलें घर आपलेंच घ्यावें. आज रात्रीं जेवण झाल्यावर आईस एवढेंच विचारावें कीं, ‘तूं काय जेवलीस?’ मात्र हा प्रश्न तिनें भांडीं घासावयास घेण्यापूर्वीं विचारावा. टोपलींत किती भाकरी उरल्या आहेत तें तेव्हांच दिसतें.